कोलायटिस, कुड्याची साल आणि वस्तीची गाडी: कुणी वेगळे उपचार केलेत का?

वस्तीची_गाडी
2 फेब्रुवारी, रात्री 10.50

नमस्कार मंडळी. मी एस.टी.त वाहक, चिपळूणकडचा. वय 36. चार वर्षांपूर्वी शौचातून रक्त पडायला लागलं. पहिले सहा महिने मूळव्याध समजण्यात गेले. आमच्या धंद्यात प्रत्येकाला मूळव्याध असते आणि प्रत्येकाकडे तिच्यावरचा हमखास उपायही असतो. सुरण झाला, लेप झाले, वजन नऊ किलो उतरलं तेव्हा कुठं दुर्बीण घातली. तुकडा तपासला आणि नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. माझी डावी बाजू धरलीय.

हे पोटदुखीसारखं नसतं. घाई लागली की लागली, दोन मिनिटं पण हातात नसतात. माझा नेहमीचा मार्ग चिपळूण-कराड. पोफळी मागं पडली की कुंभार्ली घाट सुरू. पब्लिकला घाटात उलटीची भीती, मला दुसरीच. गेल्या डिसेंबरात अर्ध्या घाटात एक घंटी मारून गाडी थांबवली. ड्रायव्हर जुना, माझं सगळं जाणणारा. तो काही न बोलता उतरला, बॉनेट उघडून आत बघत बसला आणि पॅसेंजरना म्हणाला, इंजिन तापलंय, पाच मिनिटं. चाळीस माणसं गाडीत बसलेली आणि मी पाण्याचा कॅन घेऊन दरडीच्या आडोशाला. परत आलो तर एक आजी म्हणाल्या, "झालं का रे बाबा थंड?" इंजिनाबद्दलच विचारत होत्या बहुतेक.

डॉक्टरांनी मेसालामाइनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि रात्री मागून घ्यायचा एनिमा. एनिमा घेऊन डाव्या कुशीवर झोपायचं, औषध रात्रभर आत राहिलं पाहिजे. घरी जमतं. पण आठवड्यातून तीन दिवस वस्तीची गाडी. गावात एक खोली, त्यात एका सतरंजीवर ड्रायव्हर, एकीवर मी, आणि संडास पलीकडच्या आळीत. तिथं ही बाटली काढायची कशी? म्हणून आधी एनिमा सुटला. मग गणपतीत जादा गाड्या, घरी जायला मिळेना, गोळ्यांचे दिवस चुकायला लागले. त्रास काहीच नव्हता, मग म्हटलं कशाला खायच्या. दिवाळीपर्यंत एकदम झकास. नोव्हेंबरात कंबर धरली तेवढीच. मेडिकलवाल्याने गोळी दिली, ती लागू पडलीय, अजून घेतो. डिसेंबरात परत रक्त सुरू झालं.

आता घरात आणि डेपोत प्रत्येकजण डॉक्टर झालाय. आई गावाकडून कुड्याची साल घेऊन आली. वाडीतल्या एकाने काढून दिली. सहाणेवर ताकात उगाळते आणि वाटीत एक चमचाभर गंध देते. कडू जहर असतं असं ऐकलं होतं, मला तसं काही लागलं नाही. जानेवारीत चार दिवस रजा घेऊन घरी होतो, तेव्हा रोज घेतलं आणि खरंच फरक वाटला. वर्कशॉपमधला एक मेकॅनिक म्हणतो त्याच्या मेहुण्याला एकाने चाळीस दिवस फक्त ताकावर ठेवलं आणि पर्पटीच्या पुड्या दिल्या, साफ बरा झाला. अट एकच, इंग्रजी औषध पूर्ण बंद. पुड्या कुठल्या कंपनीच्या तर म्हणे स्वतः बनवतो.

आणि पुण्याचा चुलतभाऊ. त्याने मोबाईलवर पाठवलं की निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडतात. मला वाटलं थट्टा करतोय. त्यानंतर त्याने अजून एक पाठवलं, अमेरिकेत जंतांची अंडी पाजतात. इकडं 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन म्हणून पोरीला शाळेत गोळी देणार आणि मी बाहेरून जंत मागवू?

तर कुणी यातलं काही स्वतः केलंय का? ऐकीव नको, ऐकीव माझ्याकडं डेपोभर आहे.

---

अकरा_वर्षं_कोलायटिस
2 फेब्रुवारी, रात्री 11.35

दादा, जंत-बिंत नंतर. आधी ती कंबरेची गोळी थांबवा. पट्टीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असं काही लिहिलंय का बघा. या जातीच्या वेदनाशामकांनी आपला आजार उसळू शकतो. मला हे चौथ्या वर्षी कळलं, तेसुद्धा दाढ काढल्यावर आठ दिवस गोळ्या खाऊन ऍडमिट झाले तेव्हा. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालेल का ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण मेडिकलच्या काउंटरवरून नको.

माझा वेगळा उपचार म्हणजे हळद. हसू नका, कारण हळदीवर नीट प्रयोग झालेत. 2015 साली एका प्रयोगात मेसालामाइन चालू असूनही त्रास असलेल्या 50 रुग्णांना घेतलं. 26 जणांना रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, 24 जणांना नुसती दिसायला तशी कॅप्सूल. महिन्याभरात पहिल्यातले 14 शांत झाले, दुसऱ्यातला एकही नाही. हे वाचून मी आईला फोन केला, आई म्हणाली मी तीस वर्षं सांगतेय. पण गंमत पुढे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन बघितलं, त्यात काही फरक दिसला नाही. म्हणजे मात्रा मोठी लागते. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. 3 ग्रॅम पाहिजे तर 100 ग्रॅम हळद, रोज! हळदीच्या दुधाने ते होणार नाही, पिवळे दात होतील.

मी डॉक्टरांना विचारून कॅप्सूल घेते, मेसालामाइनच्या जोडीला. दोन वर्षांत उसळी एकदाच आली. हळदीमुळे की वयामुळे की सासूबाई गावी गेल्यामुळे, देव जाणे. मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी काहींच्या यकृताला त्रास झालाय. पित्ताशयात खडे असले किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असली तरी आधी विचारायचं.

आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे संडास, सोबत ताप किंवा छातीत धडधड झाली तर इथे लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तुम्ही आकडा लिहिलाच नाहीये. किती वेळा जाता?

---

वस्तीची_गाडी
3 फेब्रुवारी, पहाटे 4.50

ताई, चार-पाच वेळा. ताप नाही. पट्टी बघितली, डायक्लोफेनॅकच आहे. पहिली गाडी काढायची आहे, संध्याकाळी येतो.

---

गहू_सोडा
3 फेब्रुवारी, सकाळी 9.10

गहू आणि दूध बंद करा. माझं आयबीएस (पोट सारखं बिघडण्याचा त्रास) दोन महिन्यांत गेलं. बाकी सगळी फार्मा लॉबी.

---

अकरा_वर्षं_कोलायटिस
3 फेब्रुवारी, सकाळी 9.25

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते हो. यांना रक्त पडतंय. तुमचा गहू तुमच्यापाशी ठेवा.

---

नाशिकचा_दाता
3 फेब्रुवारी, दुपारी 2.15

वाहकभाऊ, तुमचा चुलतभाऊ थट्टा करत नाहीये. मी ते केलंय. म्हणजे माझ्यावर नाही झालं, माझ्याकडून घेतलं. बायकोला हाच आजार, सहा वर्षं. दाता मी.

आमच्याकडे विष्ठेचं नाव काढायचं नाही म्हणून घरात त्याला "नमुना" म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. आधी माझ्या तपासण्या. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, नमुन्यात जंत, अमिबा, जंतू. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का, परदेशात गेलो होतो का, टॅटू काढलाय का. लग्न ठरवताना सासऱ्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. पास झालो. मग त्या दिवशी पहाटे पाचला उठून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर येईना! घड्याळात सहा, सहा वीस. बायको दाराबाहेरून, "झालं का?" शेवटी झालं. डबा घट्ट बंद, पिशवीत घालून हॉस्पिटलात. काही तासांच्या आत वापरायचा असतो. तिथे सलाइनमध्ये मिक्सरने घुसळून, गाळून, दुर्बिणीतून तिच्या आतड्यात वरच्या टोकाला सोडला. ती बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य, "आता तुझ्यासारखी घोरायला लागले तर बघ."

असं तीनदा केलं. दुसऱ्या वेळेनंतर रक्त थांबलं, वजन वाढलं, आम्ही पेढे वाटले (कशाचे ते कुणाला सांगितलं नाही). आठ महिन्यांनी परत उसळला. आता ती दुसऱ्या औषधावर आहे आणि बरी आहे. पैसे आणि पहाटे वाया गेल्या असं मला वाटत नाही. आठ महिने ती घाबरल्याशिवाय घराबाहेर पडत होती, ते आठ महिने खरे होते.

त्या काळात मी खूप वाचलं, त्यातलं कामाचं सांगतो. या उपचाराचा खरा दणका दुसऱ्या आजारात आहे, अँटिबायोटिक जास्त झाल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाब थांबत नाहीत, त्यात. नेदरलँड्सच्या 2013 च्या प्रयोगात 16 पैकी 13 जण एका खेपेत बरे झाले. फरक इतका उघड होता की प्रयोग मध्येच थांबवला. आपल्या कोलायटिसला एवढं सरळ नाही. कॅनडात 2015 साली 75 जणांवर करून बघितलं. नमुना मिळालेल्या 38 पैकी 9 शांत झाले, नुसतं पाणी मिळालेल्या 37 पैकी 2. आणि त्या 9 पैकी 7 जणांना एकाच दात्याचा नमुना मिळाला होता! त्याच्या पोटात काय होतं ते माहीत नाही. हे वाचल्यावर बायको महिनाभर मला म्हणायची, तू तो नाहीस.

एकच हात जोडून विनंती. घरच्या मिक्सरवर करायचे व्हिडिओ आहेत, ते बघून कुणी भावाचं, मुलाचं घेऊन प्रयोग करू नका. 2019 मध्ये अमेरिकेत दोन रुग्णांना दात्याच्या नमुन्यातून औषधांना न जुमानणारा जंतू गेला, एक दगावला. ते तर डॉक्टरांच्या हातून झालेलं होतं, त्या एका जंतूची तपासणी राहिली होती.

जंतांच्या अंड्यांचंही खरं आहे. अमेरिकेत आयोवामध्ये 2005 साली डुकरातल्या एका जंताची अंडी, दर दोन आठवड्यांनी 2500, कोलायटिसच्या रुग्णांना पाजली. 30 पैकी 13 जणांना आराम, अंडी न मिळालेल्या 24 पैकी 4 जणांना. हा जंत माणसात फार टिकत नाही म्हणून तो निवडला होता. नंतर क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला सूज येणाऱ्या दुसऱ्या एका आजाराच्या, रुग्णांवर मोठा प्रयोग केला तो फसला. तुमच्या मुलीची गोळी चुकवू नका.

---

वैद्य_सांगली
3 फेब्रुवारी, रात्री 8.40

मी बी.ए.एम.एस., एकवीस वर्षं प्रॅक्टिस. आधी पर्पटीचं बोलतो, कारण तिथे धोका आहे. पर्पटी म्हणजे पारा आणि गंधक खलून केलेल्या कज्जलीचं औषध. पंचामृत पर्पटीत त्यावर लोह, अभ्रक, तांबंही येतं. ग्रहणीवर, म्हणजे जुनाट पोट बिघडण्यावर, शास्त्रात सांगितलेली आहे, ताकावर ठेवून पर्पटी वाढवत न्यायची आणि मग उतरवायची हा कल्पही शास्त्रातला आहे. पण कुणीतरी स्वतः घरी केलेली, लेबल नसलेली, पाऱ्याची पुडी रक्त जात असलेल्या माणसाने चाळीस दिवस खावी हे मी माझ्या भावाला सांगणार नाही. "इंग्रजी पूर्ण बंद" अशी अट घालणारा वैद्य असो की बुवा, त्याच्याकडून उठून यावं. माझ्याकडचे कोलायटिसचे रुग्ण मेसालामाइन चालू ठेवूनच येतात आणि दर काही महिन्यांनी त्यांचे रिपोर्ट मी त्यांच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवायला लावतो.

आता कुडा. कुटज हे रक्तातिसारातलं आमचं पहिल्या रांगेतलं औषध. सालीत कोनेसीन नावाचं द्रव्य आहे, ते अमिबावर काम करतं. म्हणून आव पडत असेल तर कुड्याने झटकन फरक पडतो आणि त्याची कीर्ती तिथूनच झालेली आहे. कोलायटिस ही आव नव्हे. तिथे कुडा मळ थोडा बांधतो, काहींचं रक्त कमी झालेलं मीही पाहिलंय, पण आतली सूज शमली का हे कुड्याला विचारून कळत नाही. त्यासाठी मळातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात. 50 च्या आत असेल तर निवांत. ते करून घ्या.

मला खटकलं ते तुमचं एक वाक्य. "कडू जहर असतं असं ऐकलं होतं, मला तसं काही लागलं नाही." कुड्याची साल उगाळून चाटली की माणूस तोंड वाकडं करतो, तासभर कडूपणा जात नाही. तुम्हाला कडू लागली नाही म्हणजे ती खऱ्या, म्हणजे पांढऱ्या कुड्याची नसावी. काळा कुडा म्हणून दुसरं झाड आहे, तेही पांढऱ्या फुलांचं, तसंच चीक येणारं, तशाच जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. त्याच्या बियांना गोडा इंद्रजव म्हणतात, खऱ्याच्या बिया कडू. बाजारातही खऱ्या सालीत ही साल मिसळून येते. ओळखायची सोपी खूण सांगतो. या दिवसांत झाडावर वाळक्या शेंगा असतील. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन शेंगा टोकाला सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. आईंना झाड बघायला सांगा. आईंना रागवू नका.

ताक प्या. लोणी पूर्ण काढलेलं, पातळ, जिऱ्याचं. ते बाधत नसेल तर चालू द्या, ते उपचार म्हणून नाही, जेवण म्हणून.

---

अकरा_वर्षं_कोलायटिस
3 फेब्रुवारी, रात्री 9.05

वैद्य, हे शेंगांचं मला आज कळलं. आणि दादा, एनिम्याचं. गोळ्यांपेक्षा डाव्या बाजूच्या आजाराला तोच जास्त लागतो, कारण औषध थेट जखमेवर जातं. वस्तीच्या रात्री एनिमा जमत नसेल तर बाकीचे चार दिवस तरी घ्या, शून्यापेक्षा चार बरे. घेण्याआधी बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, गार औषध आत गेलं की लगेच कळ येऊन बाहेर पडतं. खाली जुनी साडी दुमडून त्याखाली प्लास्टिक. आणि डॉक्टरांकडून लिहून घेऊन वस्ती बदलून मागा की!

---

वस्तीची_गाडी
9 फेब्रुवारी, रात्री 10.20

उशिरा लिहितोय, माफ करा. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार. नाशिककर, तुमचं ड्रायव्हरला वाचून दाखवलं, तो अजून "नमुना" म्हणून हसतोय.

डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद केलं. कंबर दुखतेय, पट्टा बांधतो. गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या मी स्वतः सोडल्या हे सांगताना घाम फुटला, तिकीट न फाडता सापडल्यासारखं वाटलं. ते ओरडले नाहीत, फक्त पेन खाली ठेवून किती महिने म्हणून विचारलं. कॅलप्रोटेक्टिन आलं 1140. गोळ्या पूर्ण मात्रेत परत सुरू, एनिमा सुरू. कोमट पाण्याची युक्ती एकदम बरोबर आहे ताई, आजवर मी गारच घेत होतो आणि औषधाला शिव्या घालत होतो. वस्ती बदलायचा कागद दिलाय डेपोत. होईल तेव्हा होईल. हळदीचं विचारलं, म्हणाले आधी हे दोन महिने नीट घे, मग बोलू. पर्पटीवाल्या मेकॅनिकला पाऱ्याचं सांगितलं तर म्हणाला, मेहुण्याला तसं थोडं थरथरतं हाताला. हे त्याने आधी सांगायला पाहिजे होतं की नाही?

आता कुडा. रविवारी गावी गेलो होतो. आईला काही बोललो नाही, नुसतं म्हटलं झाड दाखव. वाडीच्या मागं बांधावर आहे, एका बाजूची साल सोललेली. वर वाळक्या शेंगा लोंबत होत्या. काठीने एक जोडी पाडली. टोकाला चिकटलेल्या, दोन बोटांनी ओढल्यावर सुटल्या. अजून तीन पाडल्या, तशाच.

आईने त्या हातात घेतल्या, उलटसुलट बघितल्या. म्हणाली, "मग जानेवारीत तुला बरं कसं वाटलं?"

मी म्हटलं, चार दिवस घरी होतो. तुझ्या हातचा मऊ भात होता. संडास दहा पावलांवर होता.

ती काही बोलली नाही. आज फोन आला, पलीकडच्या वाडीत खरा कुडा आहे म्हणे, चाखून बघितला, तोंड अजून कडू आहे. आणू का विचारत होती. वैद्य, औषधं चालू ठेवून चमचाभर चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही. पण तिला काय सांगायचं तेही जरा सांगा.